ज्या कोषातून सूत निघत नाही त्याविषयी: वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जालन्याच्या रेशीम कोष बाजारात लिलावाच्या वेळी कधी उभे राहिलात, तर कोष कसे पारखले जातात ते दिसेल. व्यापारी मूठभर उचलतो, दाबून बघतो, कानाशी हलवतो आणि ढिगात डबल, डागी, पोचट किती आहेत याचा अंदाज घेऊन बोली लावतो. डबल म्हणजे दोन अळ्यांनी मिळून विणलेला कोष. त्यात तारा एकमेकींत गुंततात, रीलिंगला, म्हणजे तार उलगडून गुंडाळताना, सलग धागा सुटत नाही, म्हणून भाव पडतो. व्यापाऱ्याला दोष देता येणार नाही. त्याला सूत हवं असतं.

पण सूत नको असलेलं गिऱ्हाईकही आता आहे.

शस्त्रक्रियेत टाके घालायला रेशीम फार जुन्या काळापासून वापरतात. गेल्या काही दशकांत त्याच्या पुढचं काम झालं आहे. कोषात ७० ते ७५ टक्के फायब्रॉइन हे प्रथिन असतं. उरलेलं बहुतेक सेरिसिन, म्हणजे तारा चिकटवून ठेवणारा डिंक. प्रयोगशाळेत कोष कापून आतला किडा (प्यूपा) काढतात, तुकडे सोड्याच्या पाण्यात उकळून सेरिसिन घालवतात आणि राहिलेलं फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवतात. मग क्षार काढून टाकले की हाती राहतं ते पाण्यात विरघळलेलं रेशीम. त्याचा पातळ पापुद्रा करता येतो, जेल करता येतं, हाडातली पोकळी भरायला सच्छिद्र स्पंज करता येतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या डेव्हिड कॅप्लान यांच्या गटाने बोस्टनच्या डॉक्टरांबरोबर २०१४ मध्ये रेशमाचे स्क्रू बनवून उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले होते. धातूचा स्क्रू पुढे त्रास देऊ लागला तर काढायला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागतं. रेशमाचा शरीरातच हळूहळू विरतो.

आता सांगा, जो कोष कापायचा, उकळायचा आणि विरघळवायचाच आहे, त्याची तार सलग असली काय आणि गुंतलेली असली काय?

हे सगळं परदेशात चाललंय असंही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनवर वर्षानुवर्षं काम झालं आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. बंगळुरूची फायब्रोहील रेशीम प्रथिनांपासून जखमेवरच्या पट्ट्या बनवते. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांनी केलेलं काम... नावं वाढवत नाही. मुद्दा टसरचा, म्हणजे रानातल्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या रेशमाचा आहे. टसरच्या फायब्रॉइनमध्ये आरजीडी नावाचा तीन अमिनो आम्लांचा तुकडा असतो आणि पेशी त्याला धरून चिकटतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. टसर आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतं, आणि ते वाढवणारी ढीवर समाजाची कुटुंबं साड्यांच्या बाजाराच्या चढउतारावर जगतात. मला विचाराल तर या विषयात महाराष्ट्राची खरी पुंजी मराठवाड्यापेक्षा तिकडे आहे. हे लिहिणारा मराठवाड्यातला आहे, घरी तुती आहे, तेव्हा पक्षपाताचा आरोप नको.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. यातून टनांनी कोष खपणार नाहीत. एका रोपणाला लागतं ते काही ग्रॅम. 'आता रेशीम दवाखान्यात जाणार, एकरी उत्पन्न दुप्पट' अशी भाषणं सरकारच्या महारेशीम अभियानाच्या प्रचाररथावरून होऊ नयेत. कापूस मोडून तुती लावलेल्या माणसाला अशा आशेचा हिशेब फार महागात पडतो.

मग मागणी काय? माल कुठून आला ते सांगता येण्याची सोय.

शरीरात बसवायच्या वस्तूंना २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली केंद्राकडून परवाना लागतो, आणि कच्चा माल कुठला हे उत्पादकाला कागदावर दाखवावं लागतं. आमच्याकडे एकाच गावातल्या चार शेतकऱ्यांचे कोष एका टेम्पोत येतात. अंडीपुंज (रेशीमकिड्यांची अंडी) कुठले, चॉकी (लहानपणी वाढवलेल्या अळ्या) कुठली, संगोपनगृहात कोणतं जंतुनाशक मारलं, शेजारच्या कपाशीवर कधी फवारणी झाली, यातलं काहीही कोषासोबत बाजारापर्यंत पोचत नाही. परवाना देणं आपल्या हातात नाही, पण रेशीम संचालनालय आपल्याच खात्यात आहे आणि कोषाचा प्रवास तिथून नोंदवता येतो.

काही मोजक्या गावांत करून बघा. प्रत्येक बॅचला क्रमांक द्या, तो अंडीपुंजाच्या पावतीपासून लिलावाच्या पावतीपर्यंत चालू द्या. स्वच्छ, न डागाळलेले डबल कोष वेगळे काढून त्यांची वेगळी बोली लावा. प्यूप्यातून पतंग बाहेर पडलेले, ओले, डागी कोष त्यात नकोत. कीटकनाशकांचे अंश तपासण्याचा खर्च सुरुवातीला खात्याने करावा, कारण तो शेतकऱ्याला झेपणारा नाही आणि नवी कंपनी तो आपणहून उचलणार नाही. आणि हे नमुने कोणाला हवेत, कोणत्या कसोटीवर हवेत, हे पुण्याच्या शास्त्रज्ञांना आधी विचारा, नंतर शासन निर्णय काढा. गडचिरोलीतल्या आरमोरीच्या बाजूला टसरसाठी असंच काही करायचं झालं तर जंगलातल्या झाडांवर बॅच क्रमांक कसा लावायचा हा वेगळा प्रश्न आहे. तो तिथल्या टसर वाढवणाऱ्या ढीवरांना सोबत बसवूनच सुटेल.

पुढच्या हंगामाचे अंडीपुंज वाटायच्या आत गावं ठरली, तर पहिल्या बॅचपासूनच नोंदी ठेवता येतील.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक तुती उत्पादक