गोठ्यातला ताप आणि अर्धवट अँटिबायोटिक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हैस गाभडली (तिचा गर्भपात झाला), वार (गर्भाभोवतीचा पडदा) हाताने काढली आणि काही आठवड्यांनी त्याच घरात कुणाला संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम, कंबरदुखी सुरू झाली, तर नुसत्या विडाल या रक्ततपासणीवर टायफॉइड ठरवू नये. सांगली जिल्ह्यात अनेक ठिकाणी गोठा घराला लागूनच असतो. अशा घरात ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूंच्या तापाची, तपासणी आधी व्हावी. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यावे आणि संशय लॅबला आवर्जून कळवावा. हे जंतू सावकाश वाढतात, शिवाय लॅबमधल्या माणसालाही लागण होते.

सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकच्या पाच सुया दिल्या की ताप दबतो आणि उलटतो. जंतू पेशींच्या आत दडून राहतात, म्हणून दोन औषधे जोडीनेच आणि बरेच दिवस द्यावी लागतात. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ६ आठवडे. सोबत स्ट्रेप्टोमायसिन १ ग्रॅम रोज स्नायूत, २ ते ३ आठवडे. वृद्धांत व मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत या सुईने कान आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात. सुईऐवजी रिफाम्पिसिन ६ आठवडे देता येते. सोय होते खरी, पण त्याने डॉक्सिसायक्लिनची रक्तातली पातळी उतरते आणि आजार उलटण्याचे प्रमाण थोडे जास्त राहते. मणक्यात जंतू गेले असतील तर किमान ३ महिने उपचार लागतात.

स्ट्रेप्टोमायसिन आणि रिफाम्पिसिन ही क्षयाचीही औषधे. खोकला किंवा मणक्याचे दुखणे असेल तर आधी क्षय नाही याची खात्री करावी; नाहीतर लपलेला क्षय औषधाला दाद देईनासा होतो. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालचे मूल यांच्यासाठी औषधांचा मेळ वेगळा, तो तज्ज्ञानेच बसवावा.

आणखी एक, दूधवाल्या घरासाठी खास: डॉक्सिसायक्लिन दुधासोबत घेऊ नये, कॅल्शियममुळे ते कमी शोषले जाते. पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे, लगेच आडवे होऊ नये. आठवड्यात बरे वाटते आणि गोळ्या तिथेच थांबतात, हीच नेहमीची चूक.

माणसावर उपचार करून गोठा तसाच ठेवला तर पुन्हा लागण होते. गाभडलेले वासरू व वार हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरावे, दूध उकळूनच प्यावे. गायीच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी पारडांना ४ ते ८ महिने वयात एकदा ब्रुसेलोसिसची एस-१९ लस द्यावी; नरांना आणि गाभण जनावरांना नाही. लस जिवंत जंतूंची आहे. टोचताना सुई स्वतःच्या हातात गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना लसीचे नाव सांगावे.

— एक फिजिशियन व एक पशुवैद्यक, मिरज