लाउडन काउंटीतील सभासदांसाठी सूचना : डेटा सेंटरच्या जाहीर सुनावण्या

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने) 18 मार्च 2025 रोजी घेतलेल्या निर्णयानुसार, ज्या भूखंडांवर पूर्वी केवळ प्रशासकीय मंजुरीने डेटा सेंटर (इंटरनेटवरील माहिती साठवणाऱ्या संगणकांचे मोठे केंद्र) उभारता येत असे, तेथेही आता नव्या प्रस्तावाला विशेष परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी आधी नियोजन आयोगापुढे व नंतर पर्यवेक्षक मंडळापुढे जाहीर सुनावणी होते. अॅशबर्न परिसरात घरांच्या अगदी जवळ उभ्या राहिलेल्या इमारती, त्यांच्या यंत्रांचा अखंड आवाज आणि उच्चदाबाच्या वीजवाहिन्या आपण रोज अनुभवतो. म्हणून या सुनावण्यांकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही. मात्र या केंद्रांच्या करातून काउंटीला मोठे उत्पन्न मिळते, हेही मत मांडताना लक्षात घ्यावे.

सुनावणीत बोलण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर राहणारे अनेक सभासद याच गैरसमजामुळे मागे राहतात, ही आम्हाला मनापासून खटकणारी गोष्ट आहे. ज्यांना सुनावणीसाठी काउंटीचे मुख्यालय असलेल्या लीझबर्गला जाणे शक्य नसेल, त्यांनी आपल्या विभागाच्या पर्यवेक्षकांना लेखी कळवावे. मंडळात आठ विभागांचे आठ प्रतिनिधी असून अध्यक्ष संपूर्ण काउंटीतून निवडले जातात, त्यामुळे पत्राची एक प्रत त्यांनाही पाठवावी.

15 नोव्हेंबर 2022 रोजी अॅशबर्नपर्यंत आलेल्या सिल्व्हर लाइन या मेट्रो रेल्वेमार्गाच्या स्थानकांभोवतीही बांधकामाचे प्रस्ताव येत असतात, तेही सभासदांनी पाहावेत. सुनावणीच्या तारखा काउंटीच्या अधिकृत दिनदर्शिकेवर तपासाव्यात.

– कार्यकारिणी