‘कसं करणार?’ असं विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभाला कँटीनमध्ये बरेच जण बोलले. मला बोलायचं होतं, पण चार वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. उघड पत्र लिहितेय त्याला कारण आहे. एप्रिल आला की चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत कितीतरी पोरापोरींसमोर केआरएचा, म्हणजे वर्षाच्या उद्दिष्टांचा, तोच फॉर्म येतो, आणि शेजारी खुर्ची ओढून तो भरायला शिकवणारं माणूस सगळ्यांच्या नशिबी नसतं. माझ्या नशिबी होतं.

मी डिप्लोमा करून लागलेली क्वालिटी इन्स्पेक्टर. पहिल्या वर्षी वरून आलेलं वाक्य सगळ्यांच्या फॉर्मवर एकसारखं होतं: ‘रिजेक्शन (बाद नग) 50 टक्क्यांनी कमी करणे.’ ऑपरेटरच्या फॉर्मवर तेच, सुपरवायझरच्या तेच, माझ्याही तेच. सही करायला तुमच्याकडे आणला तर तुम्ही त्या ओळीसमोर पेन्सिलीनं लिहिलंत, ‘कसं?’ आणि फॉर्म परत दिलात. म्हणालात, “कुठलं मशीन, कुठला पार्ट, कुठला दोष, काम कुणाचं, हे बघून ये. मग सही करतो.”

मग तुम्ही मला बाद नगांच्या लाल क्रेटपाशी नेलंत. आमच्या लाईनवरचे ॲल्युमिनियमचे हाऊसिंग त्यात पडलेले असायचे आणि आम्ही शिफ्टच्या शेवटी नुसते मोजायचो. तुम्ही ते जमिनीवर ओळीनं मांडायला लावलेत. ब्लो-होल (ओतकामात राहिलेली पोकळी) एका बाजूला, थ्रेड म्हणजे आटे खराब दुसऱ्या बाजूला, बोअर ओव्हरसाइज (आतलं भोक मापापेक्षा मोठं) तिसऱ्या. तिसरी रांग सगळ्यांत लांब निघाली. प्रत्येक नगावरची वेळ बघितली, तर त्यातले बरेचसे नग इन्सर्ट, म्हणजे हत्याराची बदलता येणारी धार, बदलल्यानंतर लगेचचे होते. उत्तर तुम्हाला ठाऊक असणार, पण सांगितलं नाहीत; मला मशीनपाशी उभं केलंत.

ते दिसलं तेव्हाचा आनंद अजून आठवतो. बोअरिंगचा इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान येऊ लागतो. ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, थोडा थोडा वाढवत माप राखतो. नंतर इन्सर्ट बदलला जातो, पण साठलेला ऑफसेट तसाच राहतो. नव्या धारेला झिजेची भरपाई नकोच असते, त्यामुळे पहिलेच नग मोठ्या मापाचे निघतात. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो. मोठा झालेल्या बोअरला इलाज नाही, तो नग थेट भंगारात. म्हणजे यात ना ऑपरेटरचा आळस, ना इन्स्पेक्टरचं दुर्लक्ष. ‘इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट शून्यावर आणायचा, पहिला नग मुद्दाम लहान कापायचा, बोअर गेजनं मोजायचा आणि मग मापावर यायचं’ एवढं मशीनवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

माझ्या फॉर्मवरचं वाक्य त्या दिवशी बदललं. ‘इन्सर्ट बदलानंतरच्या पहिल्या नगांत बोअर ओव्हरसाइज शून्य. पद्धत: ऑफसेट रीसेट आणि पहिला नग लहान. जबाबदारी: बदल करणारा ऑपरेटर, मोजमाप: मी.’ तुम्ही लगेच सही केलीत. 50 टक्के हा आकडा राहिलाच नाही, आणि रिजेक्शन तर खाली आलंच.

डेमिंग यांचं नाव मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. 1950 मध्ये जपानला जाऊन तिथल्या इंजिनिअरांना आणि कारखानदारांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण शिकवणारा हा अमेरिकन माणूस. 1951 पासून तिथे त्यांच्या नावानं पारितोषिक दिलं जातं. व्यवस्थापनासाठी त्यांनी 14 मुद्दे सांगितले, त्यातला 11 वा आकड्यांचे कोटे आणि आकड्यांवर चालणारं व्यवस्थापन काढून टाका असं सांगतो. लक्ष्य सांगणाऱ्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा: कोणत्या पद्धतीनं? तुमची पेन्सिल तेच विचारत होती हे मला उशिरा समजलं.

तरी तुम्ही आकड्यांचे शत्रू नव्हतात. ट्रेनिंग रूममध्ये कुणीतरी “मग टार्गेट नकोच” म्हणाल्यावर तुम्ही ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांची हकिगत सांगितलीत. गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्याचा 1975 चा अभ्यास. चालक कायदेशीर वजनमर्यादेच्या साधारण 60 टक्केच माल भरत होते, आणि ‘जमेल तितकं चांगलं करा’ एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. मग 94 टक्के असं स्पष्ट, अवघड लक्ष्य दिलं आणि पुढे भरणा 90 टक्क्यांच्या आसपास गेला. तुम्ही आवर्जून सांगितलंत की वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून गाडीत काय बदल करावेत हे चालकांनी स्वतः सुचवलं. आकडा होता, आणि तो गाठायचा रस्ता शोधणं त्यांच्या हातात होतं. दोन्ही लागतं. माझ्या मते ध्येयांवरच्या बहुतेक व्याख्यानांत यातलं दुसरं अर्धं गळून जातं.

ट्रेनिंग रूमच्या भिंतीवर ध्येय कसं असावं हे सांगणारी ‘स्मार्ट’ (SMART) ची पाच अक्षरं आहेत. ती जॉर्ज डोरान यांच्या 1981 च्या एका लेखातून आली हे तुम्हीच सांगितलंत, आणि त्या मूळ लेखात ‘ए’ हे अक्षर काम नेमकं कोण करणार यासाठी होतं, हेही. आमच्या पोस्टरवर त्या जागी ‘साध्य होण्याजोगं’ आहे. काम कुणाचं हा प्रश्न अशा तऱ्हेनं भिंतीवरून नाहीसा झालेला. तुम्ही तो प्रत्येक मीटिंगमध्ये परत आणायचात.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत. नुसत्या आकड्याचा धाक असला की माणसं आकडा सांभाळतात, काम नाही. महिना संपताना खराब नग ‘रीवर्क’च्या रॅकवर सरकवायचे आणि पुढच्या महिन्यात मोजायचे, हे पुष्कळ ठिकाणी चालतं. तुम्ही लाल क्रेट मधल्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलात आणि क्रेट भरला म्हणून कुणाला कधी ओरडला नाहीत. त्यामुळे आमच्या लाईनवर खरा आकडा लिहायची भीती गेली. खरा आकडा हाती नसेल तर कसलं ध्येय ठरवणार, सर?

आता घरचं. मला इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची होती हे मी सहज बोलून गेले होते. तुम्ही जॉबकार्डाची कोरी मागची बाजू पुढे केलीत आणि म्हणालात, “या वर्षी काय काय करायचंय ते सगळं लिही.” मी भरभरून लिहिलं: पदवी, इंग्रजीचा क्लास, दुचाकी, आईची शुगर, गुणवत्तेचा सिक्स सिग्मा कोर्स, मोजमापाचं काम नीट शिकणं, राजगुरुनगरला स्वतःची खोली, वजन. तुम्ही मध्ये आडवी रेघ मारलीत. वर तीनच ठेवायला सांगितलेत, आणि रेघेखाली तुमच्या अक्षरात लिहिलंत, ‘या वर्षी नाही’. दुचाकी आणि क्लास खाली गेले. खोली खाली गेली तेव्हा मला जरा रडू आलं होतं. पण खरं सांगते, त्या खालच्या यादीनं मला जितकं मोकळं केलं तितकं वरच्या तिघांनीही केलं नाही. ती कामं मी सोडली नव्हती. आता त्यांची पाळी नाही, एवढंच.

वर राहिली पदवी, आईची शुगर आणि मोजमापाचं काम नीट शिकणं. तिन्हींवर तुमचा तोच प्रश्न. नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांना सोयीच्या वेळेच्या वर्गांत पदवी घेता यावी अशी सोय एआयसीटीईनं (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) 2023-24 पासून केलीय, ते तुम्हीच शोधून दिलंत. अडचण शिफ्टची होती. सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळचा वर्ग बुडणार. कायमची फर्स्ट शिफ्ट मिळणं माझ्या हातात नव्हतं, ते एचआरच्या हातात. तुम्ही कागदावर ते दोन भागांत लिहायला लावलंत. माझं काम: सेकंड शिफ्ट घ्यायला तयार असलेली सहकारी शोधणं, दोघींच्या सहीचा अर्ज देणं, प्रवेशाच्या तारखेआधी देणं. मंजुरी हे त्यांचं काम. अर्ज गेल्यावर मी शांत झोपले, कारण माझ्या वाट्याचं पूर्ण झालेलं होतं. मंजुरी पुढे आली, पण ती येण्याआधीच झोप लागली होती, हे मुद्दाम लिहितेय.

अभ्यासाचं तर तुम्ही एका वाक्यात बसवलंत. ‘रोज दोन तास अभ्यास’ खोडून लिहायला लावलंत: ‘वर्ग नसेल त्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरले की घरी न जाता अभ्यासिकेत.’ पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर काम केलंय हे मी नंतर वाचलं: कधी, कुठे आणि कसं हे आधीच ठरवून ठेवलं की ठरवलेलं पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. तळेगाव चौकात बस अडकली तरी वाक्य मोडत नाही, कारण त्यात घड्याळ नाही, बसमधून उतरणं आहे. आईचंही तसंच केलं. ‘शुगर कंट्रोल’ हे उद्दिष्ट काढलं. रात्रीची भांडी झाली की आम्ही दोघी वाड्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. औषध डॉक्टरांचं, चालणं आमचं.

आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी तुमची ती छोटी बैठक. चहा घेताना तुम्ही तीनच गोष्टी विचारायचात: काय झालं, काय अडलं, पद्धत बदलायची की नाही. ‘का नाही झालं’ असं तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. गणिताचा एक पेपर राहिला तेव्हाही तुम्ही फक्त म्हणालात, “सराव कुठल्या वेळी करतेस? डोकं थकलेलं असतं तेव्हा? मग ती वेळ बदल.” अशी माणसं शॉपफ्लोअरवर फार कमी भेटतात, सर, आणि तुम्ही मला माझ्या पहिल्याच नोकरीत भेटलात.

सध्या मी सीएमएमवर, म्हणजे नगांची अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर, आहे. तो राहिलेला पेपर सुटला, आणि पदवीचं शेवटचं वर्ष सुरू आहे. यंदा लागलेल्या दोन ट्रेनी मुलींचे फॉर्म मी भरायला बसते. त्यातल्या एकीनं लिहिलंय, ‘कस्टमर कंप्लेंट शून्य करणे.’ तिच्यासोबत उद्या कंप्लेंटचे पार्ट जमिनीवर मांडणार आहे.

प्रोजेक्टसाठी मी तोच विषय घेतलाय: टूल बदलानंतरच्या पहिल्या नगांचं माप. कंट्रोल चार्टवर, म्हणजे मापं क्रमानं मांडून मर्यादेबाहेरची ओळखायच्या आलेखावर, हे बिंदू वेगळे दाखवावेत की सगळ्यांत मिसळावेत, यावर माझं आणि गाईडचं एकमत होत नाहीये. तुमचं मत हवंय. पुढच्या सुट्टीला चार्ट घेऊन घरी येते. काकूंना सांगा, जेवायलाच थांबेन.

कळावे,

आपली नम्र,
मशीन शॉप, क्वालिटी