लॉजवर उतर, माझ्याकडे नको

डोंबिवली,
रविवार, रात्र

प्रिय सुभाष,

परवा फोनवर तू "तुझ्याकडंच उतरतो की" म्हणालास आणि मी "बरं, बघू" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर हिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "भाऊजींना काय वाटेल?" म्हणून. तुला काय वाटलं असेल ते मला कळतंय, म्हणून सविस्तर लिहितो. मुक्ताच्या अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आहे, त्या दोन रात्री तिला घेऊन माझ्याकडे येऊ नकोस. सरळ लॉजवर उतर. चिडायचं असेल तर पत्र संपल्यावर चीड.

मुक्ताला साडेआठची वेळ मिळालीय. अमेरिकेचं कॉन्सुलेट पूर्वी ब्रीच कँडीला होतं, २०११ पासून ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सगळे त्याला बीकेसीच म्हणतात. माझ्याकडून तिथं जायचं म्हणजे सकाळी सहाच्या आत घर सोडायचं, फास्ट लोकलमध्ये घुसायचं, कुर्ल्याला त्या गर्दीतून उतरता आलं तर उतरायचं आणि मग बाहेर रिक्षासाठी भांडायचं. मी वीस वर्षं हे करतोय, माझं काही नाही. पण पोरीनं फॉर्म, कॉलेजचं पत्र, बँकेचे कागद असलेली फाइल छातीशी धरून हे करायचं आणि मग खिडकीपुढे हसून इंग्रजीत उत्तरं द्यायची? गाडी वीस मिनिटं लेट झाली तर तुझा रक्तदाब मला सांभाळावा लागेल.

तू नकाशावर बघून "कुर्ल्याला घेतो, जवळ आहे" म्हणशील, म्हणून आधीच सांगतो. मुंबईत जवळ-लांब किलोमीटरवर ठरत नाही. कुठल्या वेळेला, कुठल्या दिशेला आणि मध्ये किती ठिकाणी बदलायचं, त्यावर ठरतं. कुर्ला स्टेशन ते बीकेसी नकाशावर बोटाएवढं अंतर, पण सकाळी नऊला त्या रस्त्यावर रिक्षात बसून पाहा. बरं, खुद्द बीकेसीत राहायचं तर तिथली हॉटेलं मोठ्या कंपन्यांच्या साहेबांसाठी आहेत. दोन रात्रींच्या भाड्यात मुक्ताचं एका बाजूचं विमानाचं तिकीट निघेल की काय असं वाटतं.

माझं मत दादर. तेही पश्चिमेला. तुमची लातूर एक्स्प्रेस सकाळी दादरला थांबते, सीएसएमटीपर्यंत जायचं कारण नाही. आणि आता भुयारी मेट्रो झालीय. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. दादरहून बसलास की शितलादेवी, धारावी आणि तिसरं बीकेसी. एसी गाडी, सिग्नल नाही, पाऊस नाही. बीकेसीला वर आलास की रिक्षा मिळेल. दादरमध्ये मात्र रिक्षा शोधत बसू नकोस. शीव आणि माहीमच्या दक्षिणेला शहरात रिक्षाला बंदी आहे, फक्त काळी-पिवळी टॅक्सी. मागच्या वेळी तू प्लाझासमोर अर्धा तास हात करत उभा होतास, आठवतंय ना?

अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्याच्या बाजूलाही मध्यम भाड्याची भरपूर हॉटेलं आहेत आणि तीच मेट्रो तिथूनही सरळ बीकेसीला येते. विमानानं येणाऱ्याला मी तेच सांगेन. पण संध्याकाळी तिथं तुम्ही दोघं करणार काय? दादरला निदान छबिलदासच्या गल्लीत वडा खाता येईल, प्रकाशमध्ये पियूष पिता येईल, शिवाजी पार्कला फेरी मारून समुद्र बघता येईल. आदल्या दिवशी बोटांचे ठसे देऊन झाले की पोरीचं डोकं शांत ठेवायला हेच लागतं. नाहीतर ती खोलीत बसून यूट्यूबवर "व्हिसा रिजेक्ट का होतो" बघत बसेल.

मुक्ताला कुलाबा-फोर्टमध्ये राहायचंय हे मला माहीत आहे, तिनं माझ्या मुलीला मेसेज केला होता. हट्ट वाईट नाही. सीएसएमटीहून बीकेसी मेट्रोनं तेरावं स्टेशन, जमण्यासारखं आहे. पण त्या भागातली स्वस्त हॉटेलं जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात, लिफ्ट कधी चालू कधी बंद. 'सी फेसिंग' लिहिलेल्या खोलीतून समुद्र दिसायला खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकावं लागतं. फोर्ट मुलाखतीनंतर हिंडायला ठेव. काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनाट इमारत आहे, तेच पूर्वीचं वॉटसन हॉटेल. बिडाचा सांगाडा विलायतेत ओतून इथं आणून उभा केला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत पहिल्यांदा तिथंच दाखवली. मुक्ताला दाखव, तुला काही त्यात रस वाटणार नाही.

आता हॉटेल ठरवताना काय करायचं ते ऐक. अ‍ॅपवर बघ, पण बुक करण्याआधी काउंटरला फोन लाव. पहिला प्रश्न विचार : खोलीला खिडकी आहे का, आणि ती कुठं उघडते? मुंबईत 'विंडो' म्हणजे समोरच्या इमारतीचा पाइपही असतो, आणि पॅसेजमध्ये उघडणारी काचही असते. दुसरा : गरम पाणी किती वाजता? बऱ्याच लॉजवर ते ठरावीक वेळेलाच येतं आणि तुम्हाला पहाटे आंघोळ करून निघायचंय. तिसरा : चेकइन बाराचं की चोवीस तासांचं? तुमची गाडी सकाळीच येणार. बाराचं असेल तर तुम्ही तोवर बॅगांवर बसणार, नाहीतर ते अर्ध्या दिवसाचं जास्तीचं भाडं घेणार. हे आधीच फोनवर बोलून घे. फोटोंवर जाऊ नकोस, कोपऱ्यात उभं राहून काढला की आपल्या हॉस्टेलची खोलीसुद्धा दिवाणखाना दिसेल. लोकांचे अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे सोड, तीन ताऱ्यांचे वाच आणि नवे आधी लाव. पाचवाला खूश असतो, एकवाला भांडून आलेला असतो, खरं बोलतो तो मधला.

पैशाचं म्हणशील तर रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बारावरून पाच टक्के झालाय. कोणी बारा लावला तर बिल मागून वाद घाल, तुला ते छान जमतं. आणि बुकिंग रद्द करता येईल असंच घे, कारण या तारखा पुढे-मागे होतात.

मी एवढा खिडकीवर का अडून बसलोय, ते सांगतो. १९९४ ला मी नोकरीच्या मुलाखतीला एस.टी.नं आलो होतो, तूच स्टँडवर सोडायला आला होतास. मशीद बंदरजवळच्या एका लॉजवर उतरलो. खोली म्हणजे प्लायवूडचं खोकं. प्लायवूड छतापर्यंत पोचलंच नव्हतं. वर एकच पंखा, अर्धा माझ्या खोलीत, अर्धा शेजाऱ्याच्या, आणि बटण शेजाऱ्याकडे. त्याला सर्दी झालेली. मे महिना, खिडकी नाही, पंखा बंद. पहाटेपर्यंत मी त्याच्या शिंका मोजल्या. सकाळी मुलाखतीत साहेबानं विचारलं, वडील काय करतात, आणि मला आठवेना. ती नोकरी गेली. तुला तेव्हा मी सांगितलं होतं की वशिला लागला होता.

आणखी एक. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. मुक्ताचा फोन तुझ्याकडे ठेव आणि कुठल्या कोपऱ्यावर भेटायचं ते तिला आधी दाखवून ठेव. नाहीतर ती बाहेर येईल आणि तू चहा शोधत भलतीकडेच गेलेला असशील.

मुलाखत झाली की त्याच दिवशी खोली सोडा आणि संध्याकाळी माझ्याकडे या. पुढचे दोन दिवस मग कुठं जायचं नाही. परतीची गाडी कल्याणलाही थांबते, तिथं मी तुम्हाला बसवून देईन.

वहिनी ज्वारी देणार आहेत असं ही म्हणत होती. पाच किलोच आण. मागच्यासारखं अर्धं पोतं आणणार असशील तर त्या काउंटरवाल्याला चौथा प्रश्नही विचार, लिफ्ट आहे का.

तुझा,
अनंत