मॅडम, ‘गिटार घेऊन या’ म्हणालात म्हणून

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं की कौतुकाचाही ताप होतो, हे तुम्हीच म्हणाला होतात. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितोय. मनगट दुखत असताना ते लपवून वाजवणारे आमच्यात ढिगाने आहेत. त्यातल्या दोघा-चौघांनी हे वाचलं तर तुमच्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ओपीडीतली रांग वाढेल, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

लपवायचं कारण साधं आहे. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचा हात गेलाय अशी नुसती कुजबुज झाली, तरी पुढची सुपारी दुसऱ्याला जाते. गणपती, नवरात्र, मग लग्नसराई. वर्षाची कमाई या एवढ्यावर. आजारपणाची रजा हा प्रकार आमच्या धंद्यात नाही. त्यामुळे डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली तेव्हा मीही सगळ्यांसारखंच केलं. विंगेत स्प्रे मारायचा, घरी तेल लावून क्रेप बँडेज गुंडाळायचं, कार्यक्रमाआधी गोळी घ्यायची. दुधाचं पातेलं उचलताना हात थरथरायला लागला तेव्हा एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘गिटार बंद करा. छंदच आहे ना?’

तुमच्या टेबलासमोर बसलो तेव्हा तुम्ही केसपेपरवर ‘काम : गिटारवादक’ असं लिहिलंत आणि मान वर न करताच विचारलंत, ‘रोज किती तास?’ मॅडम, खरं तर आभार त्या एका ओळीचे आहेत. बाकीचं सगळं तिथूनच आलं.

मग अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला झुकवायला लावलीत आणि मी खुर्चीवरून उडालो. ‘डी क्वेर्व्हेन,’ तुम्ही म्हणालात. 1895 साली एका स्विस सर्जननी या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. अंगठा हलवणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. नेफ्यातून नाडी सरकते तसे ते सरकायला हवेत. पण नेफाच जाड झाला की नाडी अडकते, प्रत्येक हालचालीला घासते. हे ऐकेपर्यंत मला वाटत होतं की आतली शीर आखडली आहे आणि जोरात चोळली की सुटेल.

शेजारच्या बाकावर एक बाळंतीण बसली होती, मांडीवर तीन-चार महिन्यांचं बाळ. तिलाही हेच. अंगठे फाकवून बाळाला काखेत धरून सारखं उचलायचं म्हणजे त्याच दोन टेंडनवर भार. हे दुखणं गिटारवाल्यांपेक्षा तान्ह्या बाळांच्या आयांना जास्त होतं, असं तुम्ही सांगितलंत. माझं ‘कलावंताचं दुखणं’ तिथेच जमिनीवर आलं.

‘पुढच्या वेळी गिटार घेऊन या,’ म्हणालात. वॉचमन मला आत सोडेना. ‘इथे काय प्रोग्राम आहे काय?’ शेवटी तुम्ही खाली निरोप पाठवलात. आत आल्यावर मला वाटलं, एखादं छानसं गाणं ऐकवावं. तुम्ही गाणं ऐकलंच नाहीत. बाजूला उभ्या राहून फक्त मनगट बघत होतात. मध्येच थांबवून विचारलंत, ‘ही तर्जनी सगळ्या तारांवर आडवी का टाकता? आणि टाकलीत की अंगठा मागून एवढा का दाबता?’

वाजवणाऱ्या कुणी मला हे कधी विचारलं नव्हतं, कारण आम्हा सगळ्यांचं ते ठरलेलंच असतं. आमचे गायक पेटीच्या पट्टीत बोलतात. पुरुषाला काळी एक हवी, बाईंना काळी चार नाहीतर काळी पाच. पेटीवाल्याला काय, पट्टी बदलली की बोटं सरकली. गिटारवर काळी एक म्हणजे सी शार्प, आणि त्याच्या जोडीला एफ शार्प, जी शार्प. मोकळ्या तारेचा एकही सोपा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) नाही, सगळे बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या. तीन तास तर्जनी आडवी आणि मागून अंगठ्याचा चिमटा. त्यात पट्टा लांब सोडून गिटार मांडीपर्यंत खाली, म्हणजे मनगट काटकोनात वाकलेलं. दिसायला झकास.

तुम्ही म्हणालात, ‘बोटाऐवजी तिथे दुसरं काही लावता येत नाही?’ येतं की! कॅपो असतो, गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी क्लिप. चौथ्या फ्रेटवर (पडद्यावर) लावला की ए, डी आणि ई हे साधे कॉर्ड काळी एकमध्ये वाजतात. काळी पाचला तो पहिल्या फ्रेटवर, कॉर्ड तेच. पण कॅपो लावणारा कच्चा, असा एक समज आमच्यात उगाचच आहे. माझा कॅपो बॅगेच्या तळाशी धूळ खात पडला होता.

त्याच दिवशी माझा स्प्लिंट, म्हणजे अंगठा स्थिर ठेवणारा साचा, केलात. तो पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकलात, पोळीसारखा मऊ झाल्यावर पुसून हातावर बसवलात आणि गार होऊन कडक होईपर्यंत माझा अंगठा स्वतःच्या बोटांनी धरून ठेवलात. मग कात्रीने कडा छाटल्यात, वेल्क्रो लावलंत. बाजारात तयार मिळणारा पट्टा मी आधी वापरला होता. त्यात मनगट थांबायचं, अंगठा मात्र मोकळाच राहायचा, म्हणजे दुखणारी नेमकी जागा तशीच.

हाडांच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शनही दिलं. त्याने ठणका बराच उतरला, ते श्रेय त्यांचं. पण ठणका गेला म्हणून दुसऱ्या दिवशी कार्यक्रम घेऊ नका, हे तुम्ही बजावलंत. आधी अंगठा न हलवता नुसता दाबून धरायचा. मग अर्धी भरलेली पाण्याची बाटली हातात धरून, अंगठा वरच्या बाजूला ठेवून मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं. वर नेताना दुसऱ्या हाताचा आधार. मग गिटार, तीही दहा मिनिटं, घड्याळ लावून. दुखलं तर घाबरायचं नाही. सकाळपर्यंत उतरलं तर तेवढंच चालू ठेवायचं, नाही उतरलं तर एक पायरी मागे. हा सकाळचा नियम मी आता सगळ्यांना सांगत फिरतो.

मोटारसायकलवर येता हे कळल्यावर लोकलने यायला सांगितलंत, कारण ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून धरणारा हात तोच, डावा. कपडे पिळायलाही बंदी केलीत. घरी हे सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. केसपेपर दाखवावा लागला.

गिटारच्या दुकानात जाऊन ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, उतरवून घेतली, बाराच्या जाड तारा काढून दहाच्या बारीक लावल्या. आवाज थोडा पातळ झाला, खोटं कशाला बोलू. माइकसमोर फारसा फरक कळत नाही, मला मात्र कळतो. गिटारचा पट्टा वर घेतल्यामुळे मी आता स्टेजवर शाळेतल्या बँडमधला मुलगा दिसतो, असं आमचा ढोलकीवाला म्हणतो.

तुमच्या या व्यवसायोपचाराची भारतातली पहिली शाळा 1950 साली परळच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केली, हे मी नंतर वाचलं. जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडे आलेल्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या. माणूस रोज काय करतो ते आधी बघायचं आणि उपचार तिथून सुरू करायचा, ही रीत मुंबईत इतकी जुनी आहे. आम्ही मात्र चोळून देणारा शोधत फिरतो!

यंदा नवरात्राच्या नऊही रात्री वाजवल्या. कॅपो सगळ्यांसमोर लावला. कुणी काही बोललं नाही, उलट की-बोर्डवाल्याने तो कुठे मिळतो ते पुतण्यासाठी विचारून घेतलं.

एक विनंती आहे. वरचा तो ढोलकीवाला गेले कित्येक महिने उजव्या मनगटाला काळी पट्टी बांधून वाजवतोय आणि विचारलं की ‘स्टाइल आहे’ म्हणतो. त्याला मी येत्या मंगळवारी पाठवतोय. ढोलकी घेऊनच येईल. वॉचमनला तेवढं सांगून ठेवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
तुमचा गिटारवाला पेशंट