पाण्यातल्या लाईटला 230 व्होल्ट कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात बंगल्याच्या परसात माशांचा पाँड करायची हौस लय वाढलीय. रुईकर कॉलनी म्हणा, नागाळा पार्क म्हणा, जरा मोकळी जागा असली की एक हौद, छोटा धबधबा, चार-सहा कोई मासे आणि मग ओघानंच पाण्यात लाईट. हौस चांगलीच आहे, मलाही आहे. पण लाईट घेताना लोक रंग बघतात, वॅट बघतात, भाव करतात आणि व्होल्ट किती हे कोणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

पाण्यातले लाईट दोन तऱ्हेचे मिळतात, एक थेट 230 व्होल्टचा आणि दुसरा 12 व्होल्टचा, ज्याला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. पहिला जोडायला सोपा, ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो, म्हणून बऱ्याचदा तोच गळ्यात मारला जातो. अहो पण त्याच पाण्यात आपण हात घालून शेवाळ काढतो, मे महिन्याच्या सुट्टीत पोरं कोपरापर्यंत हात बुडवून मासे धरायला बघतात. लाईटचं रबरी पॅकिंग आज नवीन आहे, दोन-तीन उन्हाळ्यांनी ते कडक पडणार, पाणी आत शिरणार, आणि त्यावेळी आत 230 व्होल्ट असले तर काय होईल?

"एमसीबी आहे की, पडेल" असं जो तो म्हणतो. नाही पडत हो! एमसीबी म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, ती शॉर्ट झालं किंवा लोड वाढला तर पडते, 6 अँपिअरची असेल तर अंगातून जाणाऱ्या एवढ्याशा करंटला ती हलणार पण नाही, आणि माणसाच्या जिवाला धोका 0.03 अँपिअरच्या आसपास सुरू होतो. त्याला आरसीसीबीच पाहिजे, 30 मिलीअँपिअरवाली, म्हणजे तेच 0.03 अँपिअर. ती गेलेला करंट तेवढाच परत येतोय का ते बघत असते, फरक दिसला की लगेच बंद. लाईट 12 व्होल्टचा घेतला तरी ही बसवाच, कारण पाँडचा पंप 230 व्होल्टचाच असतो बहुतेक ठिकाणी. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. आणि ट्रान्सफॉर्मर हौदाच्या कडेला झाडात लपवायचा नाही, आपल्याकडचा पाऊस काय असतो माहीतच आहे, घरात नाहीतर पोर्चमध्ये भिंतीवर उंच लावायचा.

आता 12 व्होल्टबद्दल तक्रार असते की उजेडच पडत नाही. दोष लाईटचा नसतो, वायरचा असतो. 5 वॅटचे 4 लाईट म्हणजे 20 वॅट, 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट झाला, आणि घरापासून 20 मीटरवर पाऊण एमएमची बारीक वायर ओढली तर टोकाला जेमतेम साडेदहा व्होल्ट उरतात. तीच वायर अडीच एमएमची टाका, अर्धा व्होल्टच पडतो. एवढ्यासाठी लोक 230 वर जातात हे बघून खरंच वाईट वाटतं.

बॉक्सवर आयपी 68 लिहिलंय का बघा, लाईट पाणी किती सोसतो ते हा आकडा सांगतो. आयपी 65 म्हणजे फक्त पाण्याचा फवारा सोसणारा, 67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, कायम बुडवून ठेवायला 68 च लागतो. काचेच्या आतून बारीक थेंब दिसले की तो लाईट गेला समजा. आणि पाण्यात जॉइंट मारून वर काळी टेप गुंडाळायची पद्धत तर बंदच झाली पाहिजे, कारण टेपच्या आतून पाणी तांब्याच्या तारांमधल्या फटीतून वर चढत चढत थेट लाईटच्या पोटात जातं, वरून वायर एकदम कोरडी दिसते. जॉइंट पाण्याबाहेर, बंद डब्यातच पाहिजे.

रंगाचं म्हणाल तर निळ्या लाईटात केशरी-लाल कोई काळपट दिसतो, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे घातले तेच दिसत नाही. वॉर्म व्हाईट घ्या, बसायच्या जागेकडून पलीकडे तोंड करून लावा, डोळ्यावर येत नाही. पाणी हिरवं असेल तर वॅट वाढवून नुसतं हिरवं धुकं दिसतं, आधी फिल्टर बघा. आणि रात्री टायमरनं बंद करा, माशाला पापण्या नसतात, त्याला डोळे मिटून झोपता येत नाही, अंधारच लागतो.

साहेब, आपल्या पेपरात घर-बाग सजावटीचे लेख येतात, फोटो छान असतात, त्यात एवढी व्होल्टची आणि आरसीसीबीची चौकट जरूर द्या. आणि दुकानदार मंडळींना विनंती आहे की गिऱ्हाईक पाण्यातला लाईट मागायला आलं तर 12 व्होल्टचा आधी काढून दाखवा, ट्रान्सफॉर्मरसकट.

आपला नेहमीचा वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर