टीव्हीबाहेर गेलेला शिरोबिंदू

वरच्या मजल्यावरच्या मुला,

परीक्षा संपली तसा तू खोली सोडून गोंदियाला गेलास, आणि नीट बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

मे महिना, बाहेर 45 अंश. वरची टाकी रिकामी म्हणून तू कूलरच्या पाण्यासाठी बादली घेऊन खाली आलास, तेव्हा मी टीव्हीमागे डोकं खुपसून बसले होते. उन्हाळी बॅचची आठ पोरं सतरंजीवर चुळबुळ करत होती. दहावीच्या भूमितीचा पहिलाच धडा, समरूपता. आकृत्या मोठ्या दाखवायच्या होत्या, म्हणून लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला होता. टीव्ही 'नो सिग्नल'च्या पुढे सरकेना. नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानदाराच्या मते केबल खराब होती, म्हणून दुसरी आणली. मग तिसरी. लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देणारा भाचा फोन उचलत नव्हता.

तू केबलला हातही लावला नाहीस. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'एक्सरँडर' लिहायला सांगितलंस; लॅपटॉपला कुठले पडदे दिसतात त्याची यादी देणारी ती आज्ञा. यादीत लॅपटॉपचा स्वतःचा पडदा तेवढा दिसला, एचडीएमआयचं नावच नाही. "काकू, नुसती केबल खराब असती तर नाव दिसलं असतं, पुढे 'डिस्कनेक्टेड' लिहून. इथं पोर्टच झोपलाय." माझ्या लॅपटॉपात पडद्यावर चित्र काढणाऱ्या इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि एचडीएमआयची वायरिंग एनव्हिडियाकडे जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

एनव्हिडिया बंद होतं. खालच्या पट्टीतल्या चिन्हावर जाऊन तू 'ऑन-डिमांड', म्हणजे लागेल तेव्हा एनव्हिडिया, निवडायला लावलंस, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि टीव्ही उजळला. पोरांनी विचारलं, बंद कसं झालं? तू म्हणालास, "होतं कधी कधी."

होत नाही, हे तुलाही ठाऊक होतं. एप्रिलमध्ये लॅपटॉप तव्यासारखा तापायला लागला, तेव्हा मीच एनव्हिडिया बंद करणाऱ्या 'पॉवर सेव्हिंग'वर टिचकी मारली होती. तू झाकलंस, आज मी सांगते. पोरांनो, वाचत असाल तर वाचा.

पुढे त्रिकोणाचा 'ए' टीव्हीच्या वरच्या कडेबाहेर गेला. मी लिनक्सला बोल लावला. तू रिमोट मागितलास. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, त्या लपवायला टीव्ही चित्र किंचित फुगवून दाखवायचे, आणि ती खोड नव्या टीव्हींतही राहिली. 'पिक्चर साइझ'मध्ये 'स्क्रीन फिट' केल्यावर 'ए' आत आला. आवाज लॅपटॉपमधूनच येत होता, तो साउंड सेटिंगमध्ये आउटपुट एचडीएमआय केल्यावर टीव्हीकडे गेला.

समरूपता त्याच आठवड्यात संपवली. दोन केबल नव्याकोऱ्या पडून आहेत, लागली तर एक ने.

आणि तू पाणी न नेताच वर गेलास. तुझी निळी बादली अजून आमच्या कूलरपाशीच आहे.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू